दुसऱ्याच्या ताटातलं

गेल्या अंकात मी सहज विचारलं होतं, उन्हाळ्यात काय वाचताय? पत्रं भरपूर आली. पण बहुतेकांनी स्वतःच्या वाचनाबद्दल चार ओळी लिहिल्या आणि दुसऱ्याच्या वाचनाबद्दल चार पानं. तेव्हा या महिन्यात तोच विषय घेते. नेहमीप्रमाणे नावं गाळली आहेत, नागपुरातली वस्ती ठेवली आहे. पत्रं थोडी कापावी लागली. कापलेलं ज्यांच्या लक्षात येईल त्यांनी रागावू नये.

प्रश्न : मॅडम, बँकेतून निवृत्त होऊन मला तीन वर्षं झाली. आता पोटभर वाचीन म्हटलं होतं. पण होतं असं, की मी पुस्तकं कमी आणि पुस्तकांविषयीची पुस्तकं जास्त वाचतो. कोणी काय वाचलं, कुठून मिळवलं, कोणत्या वयात वाचलं, कशानं वेड लागलं, हे वाचताना तासन् तास जातात. मग ते मूळ पुस्तक आणतो आणि वीस पानांवर बंद करतो. आमची ही म्हणते, "दुसऱ्याच्या ताटात पाहून तुमचं पोट भरतं वाटतं!" हा आळस समजायचा का?
— एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : वहिनींचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. थोडा आळस आहेच. पण ताटाचंच म्हणाल तर पंगतीत बसून शेजारच्यानं गोळाभातावर तेल किती ओतलं, कढी वाटीत घेतली की भातावर, हे न पाहणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. पोट त्यानं भरत नाही. शेजारी मात्र कळतो.

एकतीस वर्षं मी कॉलेजच्या ग्रंथालयात होते, त्यातली निम्मी देवघेवीच्या काउंटरवर गेली. तिथं एक गोष्ट लवकर कळली. "पुस्तक कसं वाटलं?" असं विचारलं की माणूस व्यासपीठावरचं उत्तर देतो. छान आहे, अंतर्मुख करतं वगैरे. "कुठं बसून वाचलंत?" असं विचारलं की तोच माणूस खरं बोलायला लागतो. केमिस्ट्रीचे एक सर जाडजूड अनुवादित कादंबऱ्या न्यायचे, दोन-दोन एकदम. म्हटलं, सर, वेळ कुठून काढता? तर म्हणाले, "बायकोला डायलिसिसला नेतो. चार तास बाहेर बाकावर बसायचं असतं." त्यानंतर त्यांचं पुस्तक मुदतीबाहेर गेलं की मी तारखेच्या शिक्क्याकडे बघायचंच नाही असं ठरवून टाकलं होतं. ते मी केलं ते नियमाबाहेर होतं, पण आता माझी पेन्शन सुरू झाली आहे.

आता घरचं सांगते. माझे वडील रेल्वे डाक सेवेत, आरएमएसमध्ये, सॉर्टर होते. रात्रभर गाडीच्या डब्यात उभं राहून पत्रं खणांत टाकायची, इटारसीला उतरायचं, झोपायचं, दुसऱ्या गाडीनं तसंच परत. आई गेली तेव्हा महालातलं घर आवरताना लाल कापडी बांधणीच्या चौदा वह्या निघाल्या. जमाखर्चाच्या. रॉकेल, दूध, दळण, सायकलचं पंक्चर, आणि त्यांच्या मधोमध कुठंतरी वाचनालयाची वर्गणी आणि आणलेल्या पुस्तकाचं नाव. पुस्तकाच्या नावापुढे एकच शब्द. "बरे." "बरे नाही." "अर्धे." "पुन्हा आणणे." एका ठिकाणी दोन शब्द होते : "शेवट चुकला."

तो सबंध मे महिना मी कूलरसमोर बसून त्या वह्या वाचल्या. इतकं सुख मला कित्येक वर्षांत कुठल्या पुस्तकानं दिलं नव्हतं. वडील घरात फार बोलत नसत. एक शब्दाचा माणूस, तोही गरज पडली तरच. आणि इथं ते माझ्याशी बोलत होते. मी भांडतही होते त्यांच्याशी. अहो, एवढ्या मोठ्या कादंबरीला नुसतं "बरे"? आणि ही रडकी गोष्ट "पुन्हा आणणे"? तुम्ही? मी त्यांचा मनात एक नवाच चेहरा रंगवायला घेतला होता : वरून कोरडा, आतून हळवा, गाडीच्या डब्यात पत्रांच्या थैल्यांवर बसून कादंबरी वाचणारा.

मग मावशी आली, दिघोरीची. तिला कौतुकानं वह्या दाखवल्या. ती हसायलाच लागली. "अगं, तुझ्या बाबांना कुठून वेळ होता वाचायला? ते आल्यावर झोपायचे. सायकलवर जाऊन पुस्तक आणून द्यायचे एवढंच. वाचायची तुझी आई. परत न्यायच्या दिवशी ते विचारायचे, 'कसं होतं?' ती पोळ्या लाटता लाटता काय ते सांगायची, आणि ते लिहून ठेवायचे. नाहीतर पुढचं कोणतं आणायचं ते त्यांना कसं कळणार?"

आई सातवी शिकलेली. तिच्या हातात मी पुस्तक पाहिलं नाही असं नाही, पण तिला "वाचणारी" असं आम्ही कोणी कधी म्हटलं नाही. चौदा वह्या मी पहिल्यापासून पुन्हा वाचल्या, आणि त्या निराळ्याच वह्या झाल्या. एका साली सलग तीन-साडेतीन महिने "अर्धे, अर्धे, अर्धे" आहे. ते माझ्या जन्माचं साल. आणि "शेवट चुकला" हे वडिलांचं साहित्यिक मत नसून पोळपाटावरून आलेला निकाल होता. कादंबरीतली बाई शेवटी नवऱ्याकडे परत जाते, ते तिला पटलं नव्हतं. मी ती मुद्दाम मिळवून वाचली. शेवट खरंच चुकलाय.

तर तुमच्या प्रश्नाकडे येते. मूळ पुस्तक वीस पानांवर का बंद पडतं, याचं माझं अनुभवाचं कारण सांगते. तुम्ही ज्या पुस्तकाची दुसऱ्यानं स्तुती केली ते आणता. स्तुती वाचून झाली की पुस्तक वाचून झाल्यासारखंच वाटतं, मग उरतं काय? ज्याच्याशी तो लेखक भांडला, ज्याला तो वैतागला, जे त्यानं अर्धं टाकलं, ते आणून पाहा. भांडणात कोणाचं चुकलं ते ऐकायला माणूस शंभर पानं तरी थांबतो. आणि तेही वीस पानांवर बंद झालं, तर वहिनींना द्या. त्यांना कसं वाटलं ते एका शब्दात लिहून ठेवा.

प्रश्न : दर डिसेंबरात मी वर्षभरात वाचलेल्या पुस्तकांची यादी मित्रांना पाठवतो. साठ-सत्तर नावं असतात. खरी वाचलेली पंचवीस-तीस. बाकीची चाळलेली, काही नुसती घेतलेली. सगळेच असं करतात ना?
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : सगळे नाही. पण तुम्ही एकटेही नाही.

चार्ल्स डार्विन वाचलेल्या पुस्तकांची एक यादी ठेवायचा आणि वाचायच्या पुस्तकांची वेगळी ठेवायचा. जाड पुस्तक हातात धरायला जड झालं तर मधोमध कापून दोन तुकडे करायचा, हे त्याच्या मुलानंच लिहून ठेवलंय. (माझ्यातल्या ग्रंथपालाला हे वाचून घाम फुटला होता.) उतारवयात त्याची कवितेची आवड पार गेली, तेही त्यानं आत्मचरित्रात सरळ कबूल केलं. कादंबऱ्या मात्र तो घरच्यांकडून वाचून घेई आणि शेवट गोड नसलेल्या कादंबरीविरुद्ध कायदाच व्हायला हवा म्हणे. आमच्या आईचं आणि त्याचं जमलं असतं.

एवढ्या मोठ्या माणसाची ही यादी आपण चवीनं वाचतो ती तो चकचकीत दिसत नाही म्हणून. तुमच्या सत्तर नावांत मला काडीचा रस नाही. "अर्धे" म्हणून वेगळी यादी पाठवा. ती मी नक्की वाचीन.

प्रश्न : मी बर्डीवर जुनी पुस्तकं घेतो. नवी परवडतात, तरी जुनीच घेतो. आधीच्या मालकानं खुणा केलेली, समासात काहीबाही लिहिलेली सापडली की मला लॉटरी लागल्यासारखं होतं. बहीण म्हणते, लोकांचं उष्टं. तुम्ही तर ग्रंथपाल. तुमचं काय मत?
— एक वाचक, इतवारी

उत्तर : ग्रंथपाल म्हणून मत ऐकायचं असेल तर ग्रंथालयाच्या पुस्तकात पेन चालवणाऱ्याला मी आयुष्यभर दंड लावला आणि त्याबद्दल मला अजिबात पश्चात्ताप नाही. परीक्षेच्या हंगामात "महत्त्वाचे", "अति महत्त्वाचे", "हे येणारच" असं लिहिणाऱ्यांनी जी पुस्तकं नासवली त्यांची निर्लेखनाची यादी मी माझ्या हातानं केली आहे. निर्लेखन म्हणजे काय ते बाहेरच्यांना माहीत नसतं. दाखल नोंदवहीत त्या पुस्तकाच्या ओळीवर तांबड्या शाईनं आडवी रेघ मारायची. कसर लागून गेलेल्या पुस्तकावर मारताना तेवढं वाईट वाटत नाही, "हे येणारच" असल्या पुस्तकावर मारताना हात जड होतो.

पण स्वतःच्या पैशानं घेतलेल्या पुस्तकाची गोष्ट निराळी. इंग्लंडात कोलरिज नावाचा कवी होऊन गेला. त्याच्या टिपणांची त्याच्या मित्रांना इतकी गोडी, की पुस्तक त्यानं नेलं तर समास भरून परत येईल, या आशेनं ते देत. पुस्तक येई, पण कधी येई याचा नेम नसे. आपल्याकडे असा मित्र असता तर आपण त्याला मंडईत गाठून दोन शब्द ऐकवले असते.

माझ्याकडचा ऐवज सांगते. बर्डीवरच्याच एका फुटपाथवरून वीस रुपयांना एक पाककृतींचं पुस्तक घेतलं होतं. पुठ्ठा गेलेला, मधल्या पानांवर हळदीचे डाग. एका भाजीच्या कृतीपाशी निळ्या शाईत बारीक अक्षर : "केली. सासूबाईंना आवडली नाही. पुन्हा करू नये." त्याखाली, त्याच अक्षरात, पण काळ्या बॉलपेननं : "आता करायला हरकत नाही."

मधल्या वर्षांचं तिथं काही लिहिलेलं नाही. मी ती भाजी करून पाहिली. सासूबाईंचं बरोबर होतं, फार तिखट आहे. पण बाईंनी तेवढी वर्षं वाट पाहिली आणि पुस्तक जपून ठेवलं, याचा मला अजून विचार येतो. बहिणीला हा किस्सा वाचून दाखवा आणि विचारा, उष्टं म्हणायचं का याला?

जाता जाता एक दुखणं. जुन्या पद्धतीत पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारीख-चिठ्ठी चिकटवलेली असायची. कधी नेलं, किती वेळा नेलं, सगळे शिक्के. एखादं पुस्तक अकरा वर्षं कोणी नेलंच नाही आणि मग एका महिन्यात पाच जणांनी नेलं, असं त्या चिठ्ठीवर दिसायचं. काय झालं असेल त्या महिन्यात? मी चहाच्या वेळी अशा चिठ्ठ्या वाचत बसायची. शहरातल्या एका वाचनालयानं, नाव सांगत नाही, संगणक आल्यावर त्या सगळ्या चिठ्ठ्या ओल्या फडक्यानं भिजवून सोलून काढल्या. पुस्तकं स्वच्छ दिसावीत म्हणून. मी तिथं सभासद होते, लेखी हरकत घेतली. उत्तर आलं, की आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे.

प्रश्न : मॅडम, माझी मुलगी नववीत आहे. पुस्तक हातात घे म्हटलं की तोंड वाकडं करते. पण बाबासाहेब कसे वाचत होते हे सांगितलं की कान देऊन ऐकते. अडचण अशी की मला दोन-तीनच गोष्टी ठाऊक, त्याही सगळ्यांना माहीत असलेल्या. अठरा अठरा तास अभ्यास करत वगैरे. आता ती म्हणते, "आई, हे झालं नं सांगून." पुढे काय सांगू?
— एक वाचक, इंदोरा

उत्तर : पहिली गोष्ट, ते अठरा तास सोडून द्या. पंधरा वर्षांच्या पोरीला तासांचा आकडा ऐकवला की तिला आपल्याला काहीतरी लावायला निघालेत असा वास येतो. बारीकसारीक सांगा.

सांगा की मुंबईत परळच्या चाळीत एका खोलीत सगळं कुटुंब. झोपायला जागा नाही, अभ्यासाला कुठून असणार? म्हणून भीमराव संध्याकाळी लवकर झोपायचे आणि वडील, रामजी सुभेदार, रात्री दोनपर्यंत जागे राहून मग त्यांना उठवायचे. तो उठून दिव्यापाशी वाचायला बसला की वडील त्या जागी आडवे व्हायचे. उशाशी जातं, पायाशी बांधलेली शेळी. ही शेळी चरित्रातली आहे, माझ्या पदरची नाही. मुलींना शेळी आवडते, ती गाळू नका.

मग सांगा की मुलानं पुस्तक मागितलं आणि खिशात पैसे नसले की रामजी लग्न झालेल्या लेकीकडे जायचे. तिच्याकडे नसले तर तिचा दागिना मागून आणायचे, गहाण टाकायचे, पुस्तक घ्यायचे, आणि पेन्शन आली की दागिना सोडवून तिला परत. मला यात सगळ्यात जास्त त्या बहिणीचं वाटतं. बाबासाहेबांच्या वाचनात तिचा दागिना किती वेळा जाऊन आला असेल? तुमच्या मुलीला धाकटा भाऊ असेल तर हे जरा जपून सांगा.

आणि मग ती गोष्ट सांगा, जिचं दुसरं टोक आपल्या गावात आहे. चर्नी रोडच्या बागेत शाळा सुटल्यावर एक मुलगा रोज वाचत बसलेला कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींना दिसायचा. त्यांनी चौकशी केली, ओळख झाली, पुस्तकं देऊ लागले. पुढे भीमराव परीक्षा पास झाला म्हणून वस्तीनं सभा घेतली, तिथं केळूसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धाचं मराठी चरित्र त्याला भेट दिलं. कोणती परीक्षा? चरित्रकार म्हणतात मॅट्रिक, १९०७. स्वतः बाबासाहेब शेवटच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत लिहितात, इंग्रजी चौथी. इतर समाजांच्या मानानं हे काही सभा घेण्याजोगं यश नव्हतं, पण आमच्यात इथपर्यंत पोचलेला मी पहिलाच मुलगा, अशा अर्थाचं त्यांनी तिथं लिहिलंय. मला हा घोळ फार आवडतो. परीक्षेचं वर्ष मागंपुढं झालं असेल. हातात पुस्तक कोणी ठेवलं ते मात्र पन्नास वर्षांनीही लख्ख. ते वाचून त्यांनी वडिलांना जाऊन विचारलं होतं, की तुम्ही आम्हाला रामायण-महाभारत वाचायला लावता, मग बौद्ध साहित्य का नाही दाखवलंत?

ती प्रस्तावना १९५६ सालची. त्याच साली १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर काय झालं ते तुमच्या मुलीला मी सांगायला नको. बागेतल्या बाकापासून तिथपर्यंतची वाट तिला स्वतः जोडू द्या. तुम्ही जोडून दिलीत तर ती पुन्हा म्हणेल, हे झालं नं सांगून.

आणखी एक आहे राखून ठेवायला. न्यूयॉर्कला शिकत असताना त्यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून दोनेक हजार पुस्तकं जमवली, असं चरित्रकार सांगतात. १९१७ साली लंडनहून परतले तेव्हा ते स्वतः एका बोटीनं आले आणि सामान दुसऱ्या बोटीनं निघालं होतं. महायुद्ध सुरू. सामानाची बोट टॉर्पेडोनं बुडाली, त्यात पुस्तकंही गेली. पुढे दादरला राजगृह बांधलं ते पुस्तकांना जागा हवी म्हणून. त्या मधल्या वर्षांत समुद्राकडे पाहताना त्यांना काय वाटत असेल, असा प्रश्न मुलीला विचारा आणि गप्प बसा.

दसऱ्याला तुम्ही दीक्षाभूमीवर जातच असाल. या वेळी तिला स्टॉलच्या रांगेत जरा मागे उभी करा. पुस्तकं बघायला नाही, माणसं बघायला. दोन वर्षांपूर्वी मी एका म्हाताऱ्या आजींना पाहिलं, परभणीकडच्या. त्यांना वाचता येत नव्हतं. स्टॉलवाल्याला म्हणत होत्या, "मोठ्या अक्षराचं दे, नातू वाचून दाखवते वेळी त्याला सोपं जाते." मग त्यांनी ते पुस्तक कमरेच्या पिशवीत घातलं, वरून भाकरीचं फडकं ठेवलं. मुलीला चिचोलीच्या शांतिवनातही न्या. बाबासाहेबांच्या रोजच्या वापरातल्या वस्तू तिथं जपलेल्या आहेत. अंगातला कोट समोर दिसला की ज्याच्याविषयी ऐकलं तो माणूस किती उंच, किती रुंद, हे तरी कळतं.

आणि तिनं पुस्तक नाहीच घेतलं हातात, तर? तुम्ही घ्या. तुमच्या पत्राचं अक्षर सुरेख आहे आणि लिहिण्याला चव आहे. मला तर वाटतं, ऐकायचं निमित्त मुलीचं आहे.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासातून डोकं बाजूला काढायला मला असं काहीतरी हवंय : कोणीतरी आपल्या वाचनाबद्दल लिहिलेलं, तुकड्या-तुकड्यानं वाचता येईल असं. मराठीत आहे का? दोन-चार नावं सांगा.
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर : आहे. गोविंद तळवलकरांचं "वाचता वाचता" घ्या. अग्रलेख लिहिणारा संपादक संध्याकाळी घरी काय वाचत होता ते त्यात कळतं, आणि तुमच्या परीक्षेलाही थोडंफार कामी येईल. सतीश काळसेकरांची "वाचणाऱ्याची रोजनिशी" घ्या. तिला २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पण ते विसरून वाचा. अंथरुणाशी ठेवायचं पुस्तक आहे ते, कुठंही उघडावं.

खरा माल मात्र कोपऱ्यात असतो. गीतारहस्याची प्रस्तावना सगळे ओलांडून पुढे जातात. त्यात टिळक सांगतात की गीतेशी पहिली गाठ १८७२ च्या सुमारास पडली, वडील शेवटच्या दुखण्यात अंथरुणाला खिळलेले असताना. मराठी टीका वाचून दाखवायचं काम या सोळा वर्षांच्या मुलाकडे होतं. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात पेन्सिलीनं तो ग्रंथ लिहिणारा माणूस त्या अंथरुणाशेजारच्या मुलापासून निघालाय, हे प्रस्तावनेत नसतं तर आपल्याला कळलं असतं का? गांधीजींनीही येरवड्यात १९२२ ते १९२४ मध्ये काय काय वाचलं ते सुटल्यावर "यंग इंडिया"त लिहिलं. तुरुंगातलं वाचन मला नेहमी विश्वासाचं वाटतं. तिथं दाखवायला कोणी नसतं.

परीक्षेला शुभेच्छा. या यादीतलं काहीही परीक्षेआधी संपवायचं नाही.

प्रश्न : मॅडम, तुम्ही जगाला सांगता. सध्या तुमच्या उशाशी काय आहे? खरं खरं सांगा.
— एक वाचक, महाल

उत्तर : महालच्या वाचकांना मी घाबरून असते, तिथं मला परकरात पाहिलेली माणसं अजून आहेत.

उशाशी तीन पुस्तकं आहेत. एक इतिहासाचं, जाड, एकशे बारा पानांवर अक्षय्य तृतीयेपासून थांबलेलं. खूण म्हणून त्यात विजेचं बिल आहे, ते भरायचं राहिलं होतं हे गेल्या आठवड्यात कळलं. दुसरी एका तरुण मुलीची पहिली कादंबरी, तिनं स्वतः आणून दिलेली, नव्वद पानं झाली, चांगली चाललीय, पण ती भेटेल तिथं "कुठवर आलात?" विचारते, त्यामुळं मी ती राहते त्या गल्लीनं जाणं सोडलंय. तिसरी वडिलांची सातव्या क्रमांकाची वही. तिच्यात १९७४ च्या मार्चात एका पुस्तकापुढे "पुन्हा आणणे" आहे, आणि मग १९७८ मध्ये, आणि १९८१ मध्ये. तिन्ही वेळा आणलंय. वडिलांना नाव नीट ऐकू आलं नसावं किंवा गाडीवरून थकून आले असावेत, कारण तिन्ही वेळा त्यांनी ते तीन तऱ्हांनी लिहिलंय, आणि लेखकाचं नाव एकदाही नाही. मावशीला विचारलं, तिला आठवत नाही. मी दोन वाचनालयांत शोधलं, बर्डीवर शोधलं. उद्या उन्हं उतरली की इतवारीत एका रद्दीवाल्याकडे जायचं आहे. त्यानं फोनवर सांगितलंय, एका वाड्यातून चार पोती आलीत, अजून सोडलेली नाहीत.